पाटावरचं गाठोडं

आमच्या घरात खंडेनवमीचा एक नियम आहे. ज्या वस्तूवर ज्याचं पोट चालतं, ती त्याने देवघरासमोरच्या पाटावर आणून ठेवायची. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या सकाळी, अक्षता पडेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. बेंगळुरूच्या पेठेत आमच्या किती पिढ्या गेल्या कोण जाणे. मराठी निम्मी कानडी झाली, पण हा नियम काही सैल झाला नाही.

आम्ही शिंपी. पाटावर माझी कात्री आणि टेप असते, आणि माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, सुयांची डबी. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आणि तिचा एकुलता एक मुलगा माझ्याकडेच राहतात. अक्का साड्यांना फॉल लावते. मुलानेही मशीनवर बसावं अशी आमची फार इच्छा होती, पण एकोणिसाव्या वर्षी त्याला दुकानाची लाज वाटायला लागली.

तो एका माणसाच्या नादी लागला. त्या माणसाला सगळे बॉस म्हणतात. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे भांडणातल्या प्लॉटांवर कब्जा दाखवायला खुर्च्या टाकून पोरं बसवायची, हा त्याचा धंदा. त्याच्या वाढदिवसाला नाक्यावर फ्लेक्स लागला, आणि खालच्या ओळीत आमचं रत्न गॉगल लावून उभं.

"गॉगल दिसतोय," मी भाच्याला म्हटलं, "डोकं कुठे ठेवलंस?"

तो हसला. हसायचा फार छान. हे सांगायलाच हवं, कारण नंतर पेपरात त्याचा जो फोटो आला तो पाहून कोणाला हे खरं वाटणार नाही.

त्या खंडेनवमीला त्याने नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं एक छोटं गाठोडं आणलं आणि माझ्या कात्रीशेजारी ठेवलं. दुसऱ्या बाजूला एक अर्धवट शिवलेला खाकी शर्ट होता. जवळच्या ठाण्यातल्या पोलिसांचे कपडे वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडेच शिवायला येतात. "काय रे हे?" मी विचारलं. "कामाची वस्तू, मामा," तो म्हणाला. पाटावर कोणी काय ठेवलं याची चौकशी आमच्यात करत नाहीत. अक्काला तर आनंदच झाला, पोराला काहीतरी काम आहे म्हणून. तिने गाठोड्यावर हळदकुंकू वाहिलं.

दिवेलागणीला त्याचा फोन सारखा वाजायला लागला. तो पाटाजवळ आला. अक्का समईत तेल घालत होती.

"अम्मा, मला हे आत्ता न्यायचंय."

"उद्या अक्षता टाकल्यावर ने."

"अर्जंट आहे गं."

"तुझ्या मामाची कात्री सुद्धा उद्या सकाळपर्यंत हलत नाही. तू कोण मोठा लागून गेलास?"

आणि ती तिथेच पाटासमोर जपमाळ घेऊन बसली. त्याने चप्पल घातली, काढली, फोन बंद केला आणि माडीवर जाऊन झोपला. आईला बाजूला सारून ते उचलणं त्याला जमलं नाही. एवढाच तो गुंड होता.

सकाळी अक्षता टाकायच्या आधीच दाराशी पोलिसांची जीप आली. टीप कोणी दिली ते आजवर कळलं नाही. इन्स्पेक्टर बाहेर थांबला. दोन कॉन्स्टेबल आत आले, देवघराच्या उंबऱ्याशी त्यांनी बूट काढले. पाटावरचा शर्ट त्यातल्याच एकाचा होता. त्याने आधी पाटाला हात लावून नमस्कार केला, मग गाठोडं उचललं आणि सोडलं. आत गावठी पिस्तूल होतं. नॅपकिनच्या घडीतून आत सांडून कुंकू त्याच्यावरही लागलं होतं.

इन्स्पेक्टर दारातूनच कानडीत अक्काला म्हणाला, "अम्मा, याला स्वल्प विचारायचंय. संध्याकाळी पाठवतो." ती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. पोराला चहा तरी पिऊ द्या, एवढं मागितलं. त्यांनी पिऊ दिला.

संध्याकाळी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. आरोपीला पहाटे पंचनाम्यासाठी नेलं, त्याने दगड घेऊन पोलिसावर हल्ला केला, पोलिसांनी आधी हवेत गोळी झाडली, मग नाइलाजाने पायावर. या शहरात ही बातमी मी इतक्यांदा वाचली आहे की मला ती तोंडपाठ आहे. फक्त नाव बदलतं. दुकानात एक गिऱ्हाईक पँट घालून बघत होतं, त्याने पेपर वाचला आणि म्हणाला, "बरं झालं. यांना असंच पाहिजे." त्याला आमचं नातं माहीत नव्हतं. मी त्याच्या पायाशी बसून पँटची उंची लावत होतो. टाचण्या तोंडात होत्या, त्यामुळे बोलायचा प्रश्न आला नाही.

हॉस्पिटलात भाच्याचा हात खाटेला साखळीने बांधलेला होता. गुडघ्याचा चुरा झाला होता. "मामा, माझ्या हातात बेड्या होत्या," तो म्हणाला, "दगड कुठल्या हाताने उचलू?" मी तिथे नव्हतो. पण मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि मला त्या लोकांचा आजही संताप येतो. मग त्याने दुसरीही गोष्ट सांगितली. त्या संध्याकाळी ते पिस्तूल एका मुलाकडे पोचवायचं होतं. बॉसच्या विरोधी टोळीतल्या एका पोराला त्या रात्री संपवायचं ठरलं होतं. अम्माने उचलू दिलं नाही म्हणून राहिलं.

ते पोर आमच्या मागच्याच गल्लीत राहतं. ते दुकानावरून जातं तेव्हा अक्का हातातलं काम थांबवून त्याची चाल बघत बसते. एकदा म्हणाली, "उचलू दिलं असतं तर हा गेला असता. नाही दिलं तर माझा असा झाला. मी काय करायला हवं होतं रे?" बॉसला कोणी काही विचारलं नाही. त्याचा नवा फ्लेक्स लागला आहे.

काही महिन्यांनी भाचा जामिनावर सुटला. केस चालू आहे. गुडघा वाकत नाही, काखेत कुबडी घेतल्याशिवाय तो उभा राहू शकत नाही. आता तो दुकानात बसून बटणं लावतो. आमची इच्छा अशी पुरी झाली.

पुढच्या खंडेनवमीला मी कात्री ठेवली, अक्काने डबी ठेवली. तो भिंतीला टेकून बसला होता. "माझ्याकडे काही नाही," म्हणाला. अक्का उठली. त्याच्या शेजारची कुबडी तिने नेली, ओल्या फडक्याने पुसली, पाटावर आडवी ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. आरती झाली. प्रसाद त्याला जागेवर नेऊन दिला. दुपार झाली तरी तो तिथेच बसून होता. उठणार कशाच्या जोरावर? आणि मागणार तरी कसा, नियम त्याला पाठ होता.

अक्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग मूठभर अक्षता घेतल्या, नुसत्या कुबडीवर टाकल्या आणि ती उचलून त्याच्या हातात दिली.

"आजच घे," ती म्हणाली. "उद्यापर्यंत थांबायचं नाही."