दक्षिणेच्या भिंतीवरची वाफ

शेजाऱ्याचं भलं करायला निघालेल्या माणसाच्या हाती बर्फ उडवायचं यंत्र देऊ नये. झोरिया गावाला हे आता पाठ झालंय, पण त्यासाठी नेस्टर बझ्यूकला एक अख्खी सकाळ खर्ची घालावी लागली.

वादळ ओसरलं होतं. माळावरचं सगळं जग पांढऱ्या गोधडीखाली गुडूप झालं होतं. नेस्टरने नवंकोरं लाल यंत्र बाहेर काढलं, स्वतःच्या दारातला बर्फ उडवला, आणि अंगात आलं की माणूस थांबतो थोडाच? म्हणाला, लगे हाथ शेजारच्या तेक्लाची वाटही मोकळी करू. आता त्या यंत्राला एक मान असते. बर्फ ज्या दिशेला टाकायचा त्या दिशेला ती वळवायची असते. नेस्टरने यंत्राची मान वळवली नाही आणि स्वतःचीही वळवली नाही. दोन घरांच्या मधला झाडून सगळा बर्फ कारंज्यासारखा उडाला आणि तेक्लाच्या दक्षिणेच्या भिंतीला जाऊन टेकला.

मग तो घरात आला, कॉफी ओतली आणि कप घेऊन रोजच्यासारखा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिला. समोर बघितलं मात्र, कॉफी हातावर सांडली.

तेक्लाच्या भिंतीवर वाफ नव्हती.

झोरियात थंडीच्या सकाळी माणसं आधी एकमेकांची धुराडी बघतात, देवाचं नाव मागाहून घेतात. कुणाच्या धुराड्यातून वाफ सरळ वर चाललीय, कुणाची आडवी पडलीय, कुणाची अजून निघालेलीच नाही, यावरून गावाची खबर कळते. वाफ दिसली की माणूस उठलंय, घर ऊबेत आहे, चौकशीला जायचं कारण नाही. नेस्टर गेली कित्येक वर्षं सगळ्या गावातलं एकच धुराडं बघत आला होता. बाकीची तो बघायचा ती आपली नावापुरती.

तेक्ला रात्री तळघरातल्या, घर तापवणाऱ्या गॅसभट्टीचा आकडा खाली आणून ठेवायची. दिवसाही घरातलं माणूस स्वेटर घालून हिंडू शकत असताना गॅस कशाला जाळायचा, असं तिचं मत होतं. त्यामुळे पहाटे ती उठली आणि तिने आकडा वर केला की धुराड्यातून वाफेचा एक जाडजूड लोट निघायचा. तो लोट म्हणजे नेस्टरची भूपाळी. चर्चमध्ये कोबीचे रोल वळायचे असले की लोट लवकर निघायचा, कारण ते काम तेक्लाशिवाय व्हायचं नाही. म्हणजे व्हायचं, पण तिच्या मते ते व्हायचं नाही. कुणी वाकडा रोल वळला की ती काही बोलायची नाही, नुसता तो उलगडून त्या बाईपुढे ठेवायची. भल्याभल्या बायका रडकुंडीला आल्या, पण झोरियाच्या कोबीच्या रोलचं नाव शेजारच्या जिल्ह्यापर्यंत गेलं.

आभार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुणी काही करून दिलं की "असू दे" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पायरीवर बिटाच्या लोणच्याची बरणी असायची. बरणी मात्र धुऊन परत द्यावी लागे. नाही दिली तर तुमच्या वाट्याचा उपकार संपला.

नेस्टर तिच्यासाठी लग्नावाचून राहिला असं गावात कुणी म्हणत नसे, कारण ते सगळ्यांनाच माहीत होतं. तरुणपणी सभागृहातल्या नाचाला तो तिला विचारायला निघाला होता. निघाला, पण वाटेत त्याने बुटांना लागलेला चिखल पुसला. तेवढ्यात ओस्टापने विचारलं. ओस्टापच्या बुटांना चिखल तसाच होता. पुढे दोघांचं लग्न झालं, मार्को जन्मला, आणि ओस्टापने मित्राचा मान म्हणून नेस्टरलाच मुलाचा धर्मपिता केलं. बाप्तिस्म्याला ज्याने पोर हातावर धरलं तो पोराच्या आईबापाचा 'कूम' होतो आणि आई त्याची 'कूमा'. नातं मोठं पवित्र. इतकं, की कूम आणि कूमा यांचं पुढे कधीही, कुणी विधवा झालं तरीही, लग्न होत नाही. चर्चचा नियमच आहे. म्हणजे ओस्टापने बिचाऱ्याने प्रेमापोटी मित्राला घरात बोलावलं आणि आतलं दार कायमचं लावून किल्ली पाद्रीबाबांकडे दिली. ओस्टाप जाऊन आता बरीच वर्षं झाली. किल्ली अजून पाद्रीबाबांकडेच आहे.

राहता राहिलं धुराडं.

तर या हिवाळ्याआधीच्या शरदात काय झालं, की इल्को भट्टी तपासायला आला. गावातल्या सगळ्या तळघरांतल्या भट्ट्या हाच बसवतो आणि हाच बंद पाडतो. तोंडाने फटकळ, पण गॅसच्या बाबतीत त्याच्यासारखा देवभीरू माणूस नाही. खाली गेला, आरसा आणि विजेरी घेऊन भट्टीच्या पोटात बराच वेळ बघत बसला, मग वर येऊन म्हणाला, "मावशी, संपलं. आतल्या पत्र्याला चीर गेलीय."

"एवढीशी असेल."

"विषारी वायूला वाट एवढीशीच पुरते. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेलं माणूस उठतच नाही." आणि त्याने गॅसचा खटका बंद करून भट्टीला लाल चिठ्ठी लटकवली. लाल चिठ्ठी लागलेली भट्टी पुन्हा पेटवायची नसते.

"ओस्टापने बसवलेली आहे ती."

"ओस्टापकाकांना तरी दुसरं काय सांगणार होतो मी? हीच चिठ्ठी."

संध्याकाळी कॅलगरीहून मार्कोचा फोन आला. नवी भट्टी घालू नकोस, म्हणाला. घर वीक आणि इकडे ये, आमच्या इमारतीत खोली रिकामी आहे, ऊब भाड्यातच येते. तेक्लाने हे नेस्टरला कुंपणापाशी सांगितलं, हवामान सांगावं तसं.

"मग?" नेस्टर म्हणाला.

"बघू."

आता इथे नेस्टरने काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याने आभाळाकडे बघून सांगितलं, की यंदा थंडी लवकर पडणार. म्हणजे जायचं असेल तर आत्ताच जा, असाही त्याचा अर्थ होतो, हे त्याला घरी आल्यावर सुचलं. रात्रभर तो स्वतःला शिव्या घालत होता. तिच्या घरात विजेच्या दोन शेगड्या जळत होत्या आणि धुराडं रिकामं उभं होतं. सकाळी खिडकीत उभं राहून तो त्याच्याकडे बघायचा, तेव्हा त्याला स्टेशनातून गाडी सुटून गेल्यासारखं वाटायचं. तेक्ला तर अजून समोरच राहत होती! पण माणूस असताना त्याची आठवण येणं, हा रोग नेस्टरला जुनाच होता.

मग एके दिवशी इल्कोचा ट्रक तिच्या दारात लागला आणि त्यातून भलंमोठं खोकं उतरलं. नेस्टर स्वेटर उलटा घालून धावला.

"घातलीच का शेवटी?" त्याने इल्कोला विचारलं.

"मावशी म्हणते, भाड्यात येणारी ऊब मला नको. तिचा आकडा दुसऱ्या कुणाच्या हातात असतो."

नेस्टरला आनंद झाला, तो खोकं तळघरात जाईपर्यंत टिकला. कारण इल्कोने पुढे सांगितलं, ही नवी भट्टी धुराड्याला जोडायचीच नसते. जळून जो वायू उरतो त्यातली ऊबही ही शोषून घेते, मागे राहते ती कोमट वाफ. तिला उंच धुराड्यातून वर चढायची ताकद नसते. म्हणून भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप काढायचे. एकातून हवा आत, दुसऱ्यातून वाफ बाहेर.

"आणि धुराडं?"

"बुजवून टाकतो. पाणी तापवायची टाकी एकटीच त्यावर राहिली तर एवढं मोठं धुराडं तिच्याच्याने तापणार नाही. थंड धुराडं धूर वर ओढत नाही काका, उलट घरात ढकलतं. टाकी विजेची करतोय."

"पाइप कुठून काढणार?"

"उत्तरेकडून. भट्टी त्याच भिंतीला आहे. सरळ, आखूड, एक वळण."

उत्तरेला धान्याचं कोठार आहे. नेस्टरचं घर दक्षिणेला.

दुपारी तो घरच्या दारूची बाटली कोटाखाली घेऊन इल्कोच्या ट्रकपाशी गेला. "दक्षिणेला नाही का काढता येत रे?"

"येतं की. पण पाइप लांबतो, वळणं वाढतात, दर वळणाला भट्टीला जास्त जोर लावावा लागतो. मध्ये लोणच्यांची खोली येते. तिथे पाइप झोळ पडू न देता टांगायचा, भट्टीकडे उतार ठेवायचा, नाहीतर आत पाणी साचून बसायचं. वर खिडकीपासून लांब, मीटरपासून लांब, बर्फाच्या वर. कशाला हा उपद्व्याप? तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! सहज विचारलं. उत्तरेचा वारा वाईट असतो."

"घर तिचं, भिंत तिची. तिला विचारा."

तिला विचारायचं म्हणजे कारण सांगायचं. पुन्हा बुटांना चिखल लागल्यासारखं झालं. नेस्टरने बाटली ट्रकच्या सीटवर ठेवली आणि शेजारच्या गावात चुलतभावाकडे निघून गेला. भिंतीला भोक पडताना बघायची त्याची छाती नव्हती.

परतला तेव्हा तेक्लाच्या दक्षिणेच्या भिंतीवर, खिडकीपासून बरंच बाजूला, दोन पांढऱ्या नळ्या बाहेर आल्या होत्या. त्यातल्या एकीतून वाफ निघत होती, अगदी त्याच्या खिडकीसमोर. बाटली पावली म्हणायची! त्याने इल्कोला दुसरी नेऊन दिली. इल्कोने ती काही न विचारता ठेवून घेतली. फुकट आलेल्या बाटलीला माणूस तिचं गोत्र विचारत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी नेस्टरला ती वाफ मिळत होती, तीही पूर्वीसारखी छपरावर नाही तर डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर म्हणावी अशी. आणि आज तीच त्याने स्वतःच्या हाताने गाडून टाकली होती.

तो घरातल्या चपलांवरच धावत सुटला. तेक्ला दारात उभी होती, अंगावर ओस्टापचा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट.

"बऱ्या आहात ना, कूमा? डोकं दुखतंय का? चक्कर?"

"थंडी वाजतेय. भट्टी बंद पडलीय. तुमचे बूट कुठायत?"

इल्कोला फोन गेला. तो आला, घरात न जाता भिंतीला वळसा घालून गेला, आणि तिथून त्याचं हसणं ऐकू आलं. मग गुडघ्यावर बसून त्याने हातांनी उकरायला सुरुवात केली. फावडं लावलं तर पाइप फुटेल म्हणून. नेस्टरही शेजारी बसून उकरू लागला.

"काका, मी पाइप लावताना आभाळातून किती बर्फ पडतो ते धरलं होतं. तुमच्याकडून किती पडतो ते धरायचं राहिलं."

"तिला काही झालं असतं तर रे?"

"काही होत नाही. वाट बुजली की ही भट्टी आपणहून गॅस तोडते, शहाणी आहे. झोपायच्या खोलीबाहेर धोक्याची घंटाही लावलीय, ती बोललीसुद्धा नाही. मावशी फार तर गारठली असती. आणि ती गारठली की तोंड चालवून तापते." नळीचं तोंड मोकळं झालं तसं त्याने आत हात घालून शेवटचा बर्फ काढला. "तरी मी सांगत होतो, उत्तरेला काढू. तिथे हा घोळ झालाच नसता. पण ऐकते कुठे!"

"कोण ऐकत नाही?"

"मावशी, आणखी कोण! दक्षिणेलाच पाहिजे म्हणून अडून बसली. लोणच्यांच्या बरण्या स्वतः हलवल्या. पाइप जोडायचं जांभळं औषध फरशीवर सांडलं म्हणून वर माझाच उद्धार केला."

नेस्टरचे हात बर्फात तसेच राहिले. "आणि माझी बाटली?"

"कोणती बाटली? हां, ती. चांगली होती."

इल्को तळघरात गेला, वीज बंद करून पुन्हा चालू केली. खाली भट्टीने एक खोल श्वास घेतला, टकटक केलं आणि पेटली. त्याने साबणाचा फेस लावून सगळे सांधे एकदा पाहून घेतले, नेस्टरच्या चपलांकडे पाहून पुन्हा एकदा हसला आणि निघून गेला. स्वयंपाकघरात जमिनीजवळच्या जाळीतून ऊब यायला लागली. तेक्लाने नेस्टरला जाळीपुढे बसवलं, पायांवर टॉवेल टाकला आणि चहाचं आधण ठेवलं. खिडकीबाहेर वाफ हळूहळू पुन्हा उभी राहत होती. तिच्यामागे, पलीकडे, नेस्टरची खिडकी दिसत होती. आत कॉफीचा कपसुद्धा दिसत होता, त्याने टाकला तिथेच, कठड्यावर. एवढं स्पष्ट दिसतं इथून, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

नेस्टर बर्फाने लाल झालेले हात चोळत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "कूमा, इल्को म्हणतो, उत्तरेकडची वाट जवळची होती. मग एवढा वळसा घेऊन पाइप या बाजूला कशाला काढायला लावलात?"

तेक्लाने पाव कापता कापता सुरी थांबवलीसुद्धा नाही.

"उत्तरेला बघणारं कोण होतं?"