ठेवणीतलं पेट्रोल

बाबा गेल्यावर त्यांची स्कूटर विकायला काढली. आज ती बघायला आलेला माणूस सीटखालच्या पेट्रोलच्या नॉबपाशी वाकला, वास आला, आणि तो म्हणाला, "दीदी, ये तो रिझर्व पे है. बाबूजी भूल गए होंगे."

मी अकरा वर्षांची होते. लग्नानंतर ताई पहिल्यांदाच नागपूरला सासरी निघाली होती आणि तिच्यासाठी केलेल्या अनारशांचा डबा घरीच राहिला होता. तो घेऊन बाबा आणि मी याच स्कूटरवर खंडेराव गेटच्या घरून स्टेशनकडे निघालो. इलाइट चौराह्यापाशी स्कूटर बंद पडली.

"घाबरू नकोस, रिझर्व्ह आहे."

"रिझर्व्ह म्हणजे काय, बाबा?"

"ठेवणीतलं. एरवी हात लावायचा नाही, अडलं की काढायचं."

ते वाकले. नॉब आधीच रिझर्व्हवर होता, म्हणजे ठेवणीतलंही नकळत संपलं होतं. आदल्या संध्याकाळी खेळताना तो मीच फिरवला होता. बाबा घामाघूम होत स्कूटर ढकलू लागले. एक पानवाला हसला, "पंडितजी, आज गाड़ी को टहलाने निकले हैं?"

आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रेन सुटली होती. अजून गरम असलेला डबा मांडीवर घेऊन बाबा बाकावर बसले. म्हणाले, "माझंच चुकलं. विसरलो मी."

 नॉब मी फिरवला हे कधीतरी सांगू, म्हणून ते ठेवून दिलं. चाळीस वर्षं ठेवलं.

"नहीं भैया," आज मी त्या माणसाला म्हटलं, "बाबा भूले नहीं थे. मैंने घुमाया था."