दीड तासावरचा भाऊ

माझा थोरला भाऊ हैदराबादला असतो. पूर्वी तो रेल्वेने यायचा. "लांब पडतं गं," एवढंच म्हणायचा आणि आईला ते पटायचं. मग कंपनी त्याला विमानाचं तिकीट देऊ लागली आणि हैदराबादपासून मुंबईपर्यंतचे सातशे किलोमीटर दीड तासाचे झाले. फोनवर तो वैमानिकाच्या आवाजात सांगायचा, "आई, फक्त दीड तास. तू कुकर लाव, मी आलोच."

कुकर पुष्कळ लागले. तो आला नाही.

मला त्या दीड तासाचा पहिल्यापासून संशय होता. भाऊ फक्त विमान हवेत असतानाचा वेळ धरत असे. विमानतळावरच्या रांगा, उतरल्यावर बॅगेची वाट पाहणं आणि पुढे आमच्या माणगावपर्यंतचा महामार्ग त्यात नव्हताच. या रीतीने आमची एसटीसुद्धा वेगवान ठरते. वडखळच्या कोंडीत ती उभी राहते तो वेळ तेवढा सोडून द्यायचा.

आईचा संशय निराळा होता. भाजी निवडता निवडता तिने मला विचारलं, "दीड तासावर हाय ना? मग दोन वर्षं येत का न्हाय?"

"काम असतं त्याला."

"काम तवाबी व्हतं. तवा येत व्हता."

मी कोथिंबिरीची जुडी पुढे ओढली.

यंदा तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिने फोनवर त्याला बजावलं, "पट्टी सोडली की पयला तुला बघणार." भाऊ म्हणाला, येतो. मला मात्र हळूच सांगितलं की एकच रात्र राहीन. पट्टी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुटणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी तो दिवेलागणीनंतर पोचला. पहाटे घर सोडलेलं. शर्ट चुरगळलेला, पापण्यांवर धूळ. एका डोळ्यावर पट्टी बांधून आई ओटीवर बसली होती.

"किती येळ लागला रं?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"दीड तास," तो म्हणाला.

जेवताना तिने विचारलं, "उद्याचं इमान कवा?"

"संध्याकाळी पाचला. पण मला सकाळी सातला निघायला हवं."

"पाचच्या इमानाला सातला? हैदराबाद दीड तासावर, आन् मुंबई त्याच्याहून लांब हाय व्हय?"

भावाचा घास हातातच राहिला. खरं बोलावं तर इतक्या दिवसांची ऐट जाणार, आणि न बोलावं तर विमान. शेवटी तो पुटपुटला, "बघतो, रात्रीचं मिळतंय का."

मिळालं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा तो समोरच्या स्टुलावर होता. आईने त्याला पुष्कळ वेळ न्याहाळलं. मग त्याच्या कानावरच्या केसांना हात लावला. "पार पिकलास की रं. फोनवर कळत न्हाय." त्याने खिशातला वाजणारा फोन बंद केला, एवढं मी पाहिलं.

घरी येऊन तो निवांत बसला. चहा झाला, पुन्हा एकदा झाला. निघण्याचं नाव त्याने काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

आईनेच त्याची बॅग उचलून दारात ठेवली. "निघ आता. वडखळला गाड्या तुंबल्या असतील. आन् इमानतळावरबी रांग असते."

भाऊ बॅगेकडे बघत राहिला. मी आईकडे बघितलं. ती नव्या डोळ्याने रस्त्याकडे बघत होती.