बिनलाइटची ई-रिक्षा

धुक्यात गाडी कशी चालवावी यावर लखनौत प्रत्येकाचं ठाम मत आहे आणि त्यातली कुठलीही दोन मतं एकमेकांशी जुळत नाहीत. मी ती सगळी ऐकली आहेत, गोमती नगरातल्या एका डायलिसिस सेंटरच्या आवारात, चहाच्या टपरीवर. माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा, सकाळच्या पहिल्या पाळीला, त्यांना जानकीपुरमहून तिथं न्यायचं, चार तास मशीनवर ठेवायचं आणि परत आणायचं, हे माझं काम. सातला हजर राहावं लागतं. उशीर झाला की तेवढा वेळ मशीनवरचा कापला जातो, कारण अकराला त्याच बेडवर दुसरा पेशंट यायचा असतो. वेळ कापला गेला की पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात आणि रात्री ते पाठीशी उशा रचून बसून श्वास घेतात. मी शेजारी बसून तो श्वास ऐकते. मला जगात दुसरी कसलीही काळजी उरलेली नाही, फक्त ते चार तास पुरे मिळाले पाहिजेत.

मुलगी बेंगळुरूला असते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. "मम्मी, कैब कर लो ना," असं ती फोनवर म्हणते. कॅबवाले जानेवारीत खिडकीबाहेर एकदा बघतात आणि राइड रद्द करून पुन्हा रजईत शिरतात. म्हणून पन्नाशी केव्हाच उलटून गेल्यावर मी गाडी शिकले. नवऱ्याला समोरून दिवे आले की काही दिसत नाही, त्यामुळे स्टिअरिंग त्यांच्या हातून गेलं. मतं मात्र कुठं गेली नाहीत.

ते रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते. भुसावळहून निघून बदल्यांमागून बदल्या घेत आम्ही इथं आलो आणि इथंच राहिलो. त्यांच्या मते रस्त्यावरचा एकही दिवा खरं बोलत नाही. रेल्वेत धुकं पडलं की सिग्नलच्या आधी रुळावर फटाके ठेवतात, चाक गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. इथं सगळे चारही इंडिकेटर लावून पळत असतात. "चारही लावले म्हणजे कुठं वळणार ते सांगितलंच नाही," असं ते शेजारच्या सीटवर बसून रोज म्हणतात आणि मी रोज म्हणते, अहो, तुम्ही गप्प बसा, मला रस्ता बघू द्या.

टपरीवरची मंडळी त्यांच्या वरचढ होती. एक ॲम्ब्युलन्सवाला म्हणायचा की हेडलाइटवर पिवळी पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कागद, चिकटवा, बाकी सगळं थोतांड आहे. एक साहेबांचा ड्रायव्हर शपथेवर सांगायचा की अप्परवरच, हेडलाइटचा झोत वर करूनच, चालवायची, समोरचा घाबरतो आणि बाजूला होतो. मी त्याला सांगितलं की अप्पर लावली की धुक्याची पांढरी भिंत होते, आपल्याच डोळ्यांपुढे. तो हसून म्हणाला, मॅडम, आपल्याला दिसायची गरज काय, समोरच्याला आपण दिसलो म्हणजे झालं. असल्या माणसांच्या हातात गाड्या आहेत आणि अंगात पाणी साठलेला माझा नवरा त्याच रस्त्यावर आहे, हे आठवलं की मी अर्धा चहा टाकून उठायची.

पण माझं खरं भांडण झालं ते ई-रिक्षावाल्याशी. आमच्यानंतरच्या पाळीत, आमच्याच बेडवर, त्याची आई असायची. बख्शी का तालाबच्या पुढच्या कुठल्याशा गावाहून तो तिला स्वतःच्या ई-रिक्षातून आणायचा. तिशीचा, किडकिडीत, सदा हसतमुख. आईला रजईत गुंडाळून मागे बसवलेलं असायचं. ती आत गेली की तो टपरीवाल्याच्या प्लगला रिक्षा चार्जिंगला लावायचा आणि दोन-दोन चहा प्यायचा. एका सकाळी अकरा वाजून गेले तरी धुकं उठलंच नव्हतं. आम्ही घरी जायला आवाराबाहेर पडतोय तोच समोरून त्याची रिक्षा उगवली. लाइट नाही, मागे लाल ठिपका नाही, काही नाही. माझा बंपर आणि त्याचं पुढचं चाक यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली असेल.

मी खाली उतरले आणि त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. माझं हिंदी रागात पार मराठी होतं, पण त्याला कळायचं ते कळलं. तो म्हणाला, बॅटरी जुनी आहे, थंडीत आधीच बसते, लाइट लावली तर इथपर्यंत पोचणार नाही. आणि आम्ही कुठं पळवतो, सगळ्यांना दिसतो की. टपरीवरचे दोघं-तिघं त्याच्याच बाजूने बोलले. ई-रिक्षावाले सगळे असंच करतात म्हणे. माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "किसी दिन माँ को लेकर मरोगे." मागे रजईतून म्हातारीचा चेहरा माझ्याकडे बघत होता. तो पहिल्यांदाच हसला नाही.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मी बरोबर होते. नंतर प्रत्येक वेळी दिसला की मी खुणेनं विचारायची, लाइट? तो कानाला हात लावून, मान डोलावून पुढे जायचा. लावत नसणार, मला खात्री होती.

मग ती सकाळ आली. धुकं एवढं की घराच्या गेटमधून बाहेर पडताना मला गेटच दिसलं नाही. आदल्या रात्री त्यांचा श्वास वाईट होता, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. रिंग रोडला लागलो आणि मी एका ट्रकच्या मागच्या दिव्यांना धरून चालले. ट्रक कुठं तरी वळला, दिवे गेले आणि माझ्यापुढे काहीच उरलं नाही. ना पट्टा, ना दुभाजक, ना झाड. मागून हॉर्न सुरू झाले. मी त्यांना म्हटलं, मला जमत नाही, मला खरंच जमत नाही.

त्यांनी मफलर गुंडाळला, मोबाइलचा टॉर्च लावला, दार उघडून खाली उतरले आणि गाडीच्या पुढे चालायला लागले. सुजलेल्या पायांनी, रस्त्याच्या कडेकडेनं, टॉर्च मागे माझ्याकडे धरून. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. समोरून कुणी तरी अप्पर लावून आला आणि सगळं पांढरं झालं. मी ब्रेकवर उभी राहिले. ते दिवे गेल्यावर तो टॉर्च परत दिसेपर्यंत माझ्या तोंडून त्यांना एकेरी हाका जात होत्या, लग्नानंतर कधी मारल्या नव्हत्या तशा. ते थांबले होते, गुडघ्यांवर हात टेकून. मग परत चालू लागले. पॉलिटेक्निक चौराह्याच्या अलीकडे धुकं जरा विरळ झालं तेव्हा ते आत येऊन बसले आणि डोकं मागे टेकून धापा टाकत राहिले.

सेंटरला पोचलो तेव्हा निम्मा वेळ गेलेला होता. टेक्निशियन म्हणाला, अकराला काढावं लागेल. मी हात जोडले. तो भला माणूस होता, पण त्याच्या हातात काय होतं? अकरा वाजले. दुसऱ्या पाळीची म्हातारी आलेली नव्हती. टेक्निशियननं दाराकडे पाहिलं आणि मशीन चालू ठेवली. मी खुर्चीत बसून त्या दाराकडे बघत राहिले. ती येऊ नये, असं मला वाटत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, रस्त्यातच थांब बाई, आजचा दिवस थांब, परत जा. तिच्याही अंगात पाणी साठलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

बारा वाजायच्या सुमाराला दार उघडलं. ई-रिक्षावाला आईला पाठुंगळी घेऊन आला. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि चपला चिखलानं भरल्या होत्या. रिक्षा वाटेतच बंद पडली होती. आईला आत बसवून त्यानं ती हातानं ढकलत आणली होती. म्हातारीचे ओठ काळसर दिसत होते.

नवऱ्यानं डोळे उघडले. टेक्निशियनला म्हणाले, "निकाल दो. मेरा टाइम हो गया है." रेल्वेत उशिरा आलेली गाडी बाजूला उभी करतात आणि जिची वेळ झाली तिला वाट देतात, हे मी आयुष्यभर त्यांच्याकडून ऐकत आले आहे. टेक्निशियननं माझ्याकडे पाहिलं. तासाभरात त्यांचं पुरं झालं असतं. मला रात्रीचा तो श्वास ऐकू येत होता.

"नहीं, पूरा होने दीजिए," मी म्हटलं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. म्हातारीला बाकावर आडवं केलं, कुणी तरी ऑक्सिजनची नळी लावली. तिसऱ्या पाळीच्या आधी तिला जेमतेम दोन तास मिळणार होते. तिचा मुलगा भांडेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं, आणि त्यानं ओरडावं अशी माझी इच्छाही होती. तो येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला, कारण तेवढी एकच रिकामी होती. दम लागलेला होता. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैडम, आज पूरे रास्ते लाइट जला के लाए थे."

परवा आम्हाला परत जायचं आहे आणि त्यालाही यायचं आहे. धुकं अजून आठवडाभर हटणार नाही म्हणतात. लाइट लाव असं मी त्याला आता सांगू शकत नाही, आणि लावू नकोस असंही सांगू शकत नाही. आणि आम्हाला पुन्हा उशीर झाला तर अकरा वाजता त्या दाराकडे बघत मी मनात पुन्हा तेच म्हणेन, ती येऊ नये, हे मला आत्ताच माहीत आहे.