जांभळाच्या ओल्या बिया

पांडेसऱ्यात आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेतले कडुलिंब रोगाने गेले. आधी शेंडे तांबूस पडले, मग फांद्या वाळत वाळत खाली आल्या. तिथे पुन्हा आपल्याकडचीच झाडं लावायची, पण सगळी एका जातीची नकोत, असं ठरलं. मी रोपवाटिकेत रोपांच्या पिशव्यांत माती भरते. जांभळाची रोपं करायचं काम मुकादमांनी मला दिलं.

मी बिया धुतल्या, गच्चीवर चार दिवस कडक उन्हात वाळवल्या, राख चोळली आणि मग पेरल्या. खानदेशात आई बाजरीचं बियाणं असंच राखायची. तीन आठवडे पाणी घातलं. एक कोंब नाही.

मुकादमांनी विचारलं, "ताई, बिया वाळवल्या होत्या का?"

"हो. चांगल्या खणखणीत."

"अहो, जांभूळ आहे ते, पापड नाही! वाळलं की मेलं. आता महिनाअखेर कोंब दिसले नाहीत, तर तिथे शोभेची परदेशी झाडं येतील. वरून तसंच सांगितलंय."

चूक माझी होती, मग निस्तरायचीही मीच.

जांभळं संपत आली होती. नाक्यावर एकच गाडी उरली होती. परक्यांशी आपणहून बोलणं मला जमत नाही. तरी बादली घेऊन गाडीजवळ उभी राहिले. पहिला तासभर नुसतीच. लोक खात होते, बिया गटारात थुंकत होते. ते बघवेना. शेवटी एका बाईला म्हटलं, "बी ह्यात टाका."

गुजराती गाडीवाला हसला. "बेन, बधा जांबु मांगे, तमे ठळिया मांगो छो?"

"ठळियेच, बियाच पाहिजेत. त्यांची झाडं करायचीत."

मग तोच ओरडायला लागला, "नीचे मत थूको, मासी की बाल्टी में डालो!"

त्याच संध्याकाळी बिया ओल्याच पेरल्या. पंधराव्या दिवशी माती उकलली. काही बियांतून तर दोन-दोन, तीन-तीन कोंब आले. ते अलगद वेगळे करून मी आधीच्या फुकट गेलेल्या पिशव्यांत लावले. मुकादम पिशव्या बघत फिरले आणि म्हणाले, "शोभेची झाडं आता नकोत म्हणून कळवतो."

ती रोपं आता चाळीमागे माझ्या कमरेला लागतात. शेजारी करंज आहे, बहावा आहे, थोडे कडुलिंबही. यंदा मुकादमांनी नव्या बायकांपुढे मला उभं केलं. मी एवढंच बोलले, "ह्या बिया वाळवू नका." आणि बादल्या वाटल्या.