हौसाबाईंची हाक

हौसाबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी मला चक्क मनगटाला धरून अडवलं. "बाई, आत एकलं जायचं न्हाई. चकवा हाय त्यो."

जुन्नरच्या बागेतल्या त्या मेंदीच्या चक्रव्यूहाला पाटीवर भूलभुलैया म्हटलंय. गाव चकवाच म्हणतं. कुणा गोऱ्या साहेबानं हौसेनं लावलेला. मी गेले तेव्हा अर्धी मेंदी वाळून खराटा झाली होती, शेळ्या आरपार जात होत्या. तो पुन्हा उभा करायच्या कमिटीत मी होते, म्हणजे चहा प्यायला होते. काम हौसाबाईंचं. डिंगोऱ्याहून रोज यायच्या, वाळकी खोडं उपटायच्या, नव्या काड्या लावायच्या. "वाट व्हती तशीच झाली पायजे," हे एकच पालुपद. मजूर चिडवायचे, "आजी, चकव्यात कुनाला धाडायचंय?" त्या हसायच्या नाहीत.

एका दुपारी जेवताना त्यांनी मला सांगितलं. त्यांचे मालक इथंच माळी होते. एका तिन्हीसांजेला पाणी बंद करायला आत गेले. उशीर झाला म्हणून हौसाबाईंनी चकव्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, "अवोऽ!"

"मग? ओ नाही दिली?"

"लई जनांनी दिली की! बागंत नवरे काय कमी व्हते? त्यातली आमच्या मालकांची कंची, मला कळंना."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते जागीच विरलं. मालक सकाळी मधल्या ओट्याशी सापडले. छातीत कळ आली होती.

"कुडी नेली उचलून. पन ते भाईर न्हाई आलं, बाई. नावानं हाक मारली असती तर आलं असतं. पन नाव घ्यायला उखाना लागतो. घाईत कंचा आठवायचा?"

"मग आता मारा की हाक."

"आता वाटा मोडल्यात. गेले त्याच वाटंनं, त्याच तोंडातनं येतील ते."

तेवढ्यात आतून कात्रीचा आवाज आला. कचक, कचक. मजूर तर सगळे आमच्यासमोर भाकरी खात बसलेले. हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "हात लावत्यात मधनंमधनं."

पावसाळे गेले, मेंदी डोक्याच्या वर गेली आणि कमिटीनं घोळ घातला. पार्किंग पलीकडे, सेल्फी पॉइंट पलीकडे, म्हणून चकव्याचं तोंडही पलीकडून. जुनं तारेनं बंद. मी कडाकडा भांडले. कोण ऐकतंय!

तारवाला आला त्या दिवशी हौसाबाई त्याला म्हणाल्या, "जरा दम धर, राव." पदर डोक्यावर ओढला. नव्या नवरीसारख्या लाजल्या. आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, त्यांनी ते नाव घेतलं. "कोंडीबाऽऽ!"

आतून, लांबून, ओ आली. एकच. मग पुन्हा, एक वळण जवळ. मग अगदी तोंडाशी. तारवाल्याच्या हातातली पक्कड गळून पडली.

बाहेर कुणीच आलं नाही. हौसाबाई मात्र बाजूला सरल्या, वाट दिली आणि मागोमाग चालू लागल्या. मीही त्यांच्या मागं स्टँडपर्यंत गेले. खरं सांगते, भीती वाटत होती, आणि हेवाही.

जीपवाल्यानं विचारलं, "आजी, एकल्याच ना?"

"दोन सीटा. डिंगोरे."

जीप गच्च भरलेली. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यानं हौसाबाईंकडे पाहिलंच नाही. त्यानं त्यांच्या पुढं कुणाकडं तरी पाहिलं, आणि "या, पावणं," म्हणत सरकून जागा केली.