तंबूचं वजन वाचवलं त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग मी चहा ओतते. मी सांगायला लागले आणि मध्येच कुणी फिस्सकन हसलं की माझा हात हलतो आणि चहा बशीत जातो. माझी फजिती झाली, मान्य. अख्ख्या लातूर-नांदेड रस्त्यानं ती पाहिली. पण चूक माझी नव्हती, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवते.

त्याचं असं झालं, माझा उजवा गुडघा धरला होता. मांडी घालून पूजेला बसणं बंद झालं, स्टुलावर बसून आरती करायची वेळ आली. देव खाली आणि मी वर! जिवाला किती लागायचं ते. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. मी सायकल काढली आणि त्याच दिवशी वडेपुरीच्या रत्नेश्वरीला बोलले, "आई, एवढा गुडघा वाकू दे. मी सायकलवर येऊन तुझी ओटी भरते."

वडेपुरी म्हणजे इथून, लातुरातून, नांदेडला निघालं की लोह्याच्या पुढं. डोंगरावर बसलीय देवी. माझ्या माहेरचं दैवत.

आणि आईनं ऐकलं हो! हळूहळू गुडघा वाकायला लागला. मी रोज पहाटे औशाच्या रस्त्यानं जाऊन यायला लागले. एक दिवस मांडी घालून पूर्ण पोथी वाचली आणि उठून यांना म्हटलं, "नवस फेडायला निघते."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सायकलवर? अगं, कोपऱ्यावरून मेथीची जुडी आणायला तुला ऑटो लागतो."

"लागायचा."

"चाकूरपर्यंत जाशील. तिथून फोन करशील, अहो, गाडी घेऊन या."

मी तशी गरीब स्वभावाची बाई. कुणाला उलटून बोलत नाही. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे! तडक देवघरासमोर गेले, तळहातावर पाणी घेतलं आणि सोडलं. "वडेपुरीला पोचेपर्यंत मी कुणाच्या गाडीत बसणार नाही, आणि माझं ओझंही दुसऱ्याच्या चाकावर चढू देणार नाही."

पाणी सोडलं म्हणजे विषय संपला. आता शब्द मोडला तर? दिलेला गुडघा आईनं परत मागितला तर? यांनी पेपर खाली ठेवला. मग परत वर घेतला.

आमची प्राजक्ता पुण्यात असते. सायकलला पिशव्या लावून कुठं कुठं डोंगरांत फिरते, नवराही तसलाच. तिला फोन लावला तर पोरगी आनंदानं ओरडलीच. "आई! पण एक लक्षात ठेव. रस्ता माणसाला दमवत नाही, सामान दमवतं. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची. निम्मं कमी करायचं. मग राहिलेल्यातलं परत निम्मं."

झालं! दिवाळीच्या फराळाचं पीठ तोलायचा काटा काढला आणि मी घरभर तोलत सुटले. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. साबणाची वडी चिरली, बर्फीसारखी. टॉवेलाऐवजी पंचा. सायकलच्या पिशव्या जुन्या रेनकोटच्या कापडाच्या घरीच शिवल्या. सलवार-कुर्ता तर किती हलका! पण काट्यावर माझा देव्हारा आला आणि माय-लेकींची जुंपली.

"आई, पितळेचा गणपती कशाला?"

"मग पूजा कुणाची करू?"

"पोथी मोबाइलवर वाच ना."

"मोबाइल तुम्ही संडासात नेता. पोथी सोवळ्यातली आहे."

"बरं. पण जपमाळ तरी..."

"जपमाळेचे मणी कमी कर म्हणालीस तर फोन ठेवीन."

मग मलाच सुचलं. अगं, आपल्याकडं सुपारीचा गणपती असतोच की! तांदळावर सुपारी ठेवली की झाला देव. निरांजनाऐवजी कणकेचा दिवा. तो तर काम झालं की गाईला घालता येतो. आपल्या वाडवडिलांनी सगळा हलका संसार आधीच करून ठेवलाय, आणि ही पोरं इंटरनेटवर शोधत बसतात! हातावर सुपारी घेऊन मी व्हिडिओ कॉलवर प्राजक्ताला दाखवली. "बोल, तुझ्या पुण्यात मिळतो का इतका हलका देव?"



"ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण खरं वजन तीनच गोष्टींचं असतं. तंबू, अंथरूण-पांघरूण आणि स्टोव्ह. त्यात हलकं घ्यायचं तर महाग पडतं."

आणि इथं, मंडळी, माझ्या डोक्यात जो उजेड पडला, तो आजवर कुणाच्या पडला नसेल. मी म्हटलं, "तंबू नेतो कोण? ज्याला नातेवाईक नाहीत तो! चाकूरला सुमनवन्सं आहेत, अहमदपूरला माझी मावसबहीण शकुअक्का, लोह्याला तर तुझीच सासू. अंथरूण त्यांचं, पांघरूण त्यांचं, चूलही त्यांची. मी फक्त माझा जीव नेते."

"आई," प्राजक्ता म्हणाली, "तू जिनियस आहेस."

हे ऐका हं. दोघी शिकल्या-सवरलेल्या बायका. दोघींच्याही लक्षात आलं नाही.

निघाले त्या सकाळी सायकल एका बोटानं उचलून यांना दाखवली. देवीच्या ओटीचं सामान, एक कपड्यांचा जोड, पोथी, सुपारीचा देव, पंक्चरचं साहित्य. बस्स! वाऱ्यासारखी गेले चाकूरला. वन्संनी कढी-भात वाढला, पाय चेपायला तेल दिलं. सकाळी निघताना म्हणाल्या, "थांबा वहिनी, पाटावर बसा जरा."

बसले. वन्सं ताट घेऊन आल्या. ताटात तांदूळ, खण, हळकुंड, खारीक आणि शेंडीवाला टपोरा नारळ.

आता कुठलीही बाई सांगेल, ओटी नको म्हणायची नसते. वाटेत टाकायची नसते. आणि आमच्या घरची रीत अशी की ओटीचा नारळ दुसऱ्याला देत नाहीत, घरी नेऊन गोडाधोडात घालतात. मी पदर... पदर कुठला, सलवार-कुर्त्यावर ओढणी होती, ती पसरली.

"आन् ही थोडी तुरीची डाळ," वन्सं म्हणाल्या. "आपल्या शेतातली हाय. न्हाई म्हणू नका."

लातुरात आमच्या घरामागं डाळीच्या गिरण्या. रात्रंदिवस खडखड. त्या मला चाकुरातून डाळ!

सायकल एका बोटानं उचलेना. दोन हातांनी उचलली. म्हटलं, असू दे, एक नारळ काय जड आहे?

अहमदपूरला शकुअक्का फाटकातच उभी. पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी तिनं आधी पाहिली.

"सुमनबाईनं भरली का ओटी?"

"हो गं."

"किती तांदूळ घातले?"

"अक्का, माझं सामान हलकं..."

"म्हंजे मी बहीण असून कमी घालू? लोक काय म्हणतील मला!"

बघा आता. म्हणजे एकीनं भरली म्हणून दुसरीनं जास्त भरायची! अक्काच्या ताटातून तांदूळ, नारळ, साडी, वर बरणीभर लोणचं. "बरणी फुटंल बघ, जपून ने," असा दमही. मी कापलेल्या ब्रशच्या दांडीकडं बघितलं आणि मला रडू आलं. बर्फीएवढा साबण घेऊन निघालेली बाई मी, आणि मागं कॅरिअरला किराणा दुकान!

यांचा फोन आला. "कसं काय? येऊ का गाडी घेऊन?"

"कशाला?"

"शकूनं फोन केला होता. म्हणाली, सायकल डुलत गेली."

"वाऱ्यानं डुलली," म्हटलं आणि ठेवला.

पुढच्या चढाला धापा टाकत थांबले. मागून एक रिकामा टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, सामान टाका मागं, लोह्यात उतरवून देतो." काय गोड माणूस! आणि काय ती परीक्षा! हात नारळावर गेला होता माझा. पण पाणी सोडलेलं. म्हटलं, "तुझं भलं होवो बाबा, पण जा तू." तो गेला. मी त्याच्या धुराकडं बघत राहिले.

लोह्याच्या अलीकडं थांबून मी प्राजक्ताला फोन लावला. "तुझ्या सासूबाईंना काहीतरी सांग गं. म्हणावं, आईच्या सायकलवर जागा नाही."

मग माझी ती ग्रॅमग्रॅम तोलणारी पोरगी काय म्हणाली असेल?

"आई, वेड लागलंय का? माझ्या सासूला नाही म्हणू नकोस हं! जे देतील ते घे. वर्षभर ऐकावं लागेल मला."

विहीणबाईंनी जे दिलं ते मी सांगते, तुम्ही कप खाली ठेवा. तांदूळ-नारळ, साडी, यांच्यासाठी टॉवेल-टोपी, शेंगदाण्याचे लाडू. आणि मळ्यातला भोपळा. लाल भोपळा, माठाएवढा!

"विहीणबाई, याला ठेवू कुठं?"

"मागं बसवा की. गुपचूप बसंल, पोरावानी."

बसवला. साडीनं बांधला. अक्काची साडी, विहीणबाईंचा भोपळा. दोन्ही बाजूंनी नारळ लोंबताहेत, मध्ये डाळ, वर लोणचं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजोबांनी हाक मारली, "पोरी, भोपळा कसा दिला?" मी म्हटलं, "विकायचा नाही, दर्शनाला चाललाय."

वडेपुरीच्या पायथ्याला बघते तर काय, आमचे हे! गाडीला टेकून उभे. घरात राहवलं नाही म्हणाले. माझी सायकल त्यांनी पुढून पाहिली, मागून पाहिली. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"निदान भोपळा तरी दे गाडीत. देवी काय भोपळा मोजायला बसलीय का?"

"नाही."

"गुडघा जाईल."

"जिनं दिला तिच्याच दारात जाईल. बाजूला व्हा."

आणि ढकलली सायकल. चढावर भोपळा मागं ओढत होता, मी पुढं ओढत होते. हे गाडी तिथंच सोडून माझ्या मागून पायी येत होते, हात पाठीमागं बांधून. मी नजरेनंच दटावलं होतं ना, हात लावायचा नाही! दर वळणावर म्हणत होते, "थांब, पाणी पी." पाणी प्यायले. पाण्याचं वजन पोटात चालतं.

पोचले. गुडघा जागेवर. देवीची ओटी भरली, समोर मांडी घालून बसले आणि खुशाल रडले. मग खाली गाडीपाशी येऊन यांना म्हटलं, "नवस इथपर्यंतचाच होता. आता टाका सगळं गाडीत, आणि मलाही." आठवडाभर घरात भोपळ्याचे घारगे झाले. ते यांनी मुकाट्यानं खाल्ले, कारण बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

आता म्हणा, चूक कुणाची? सामान मी निवडलं ते बरोबर. वाट निवडली ती बरोबर. या बायकांना कळायला नको, सायकलवरच्या बाईला काय द्यावं नि काय नाही? मी तर प्राजक्ताला खडसावूनच सांगितलं, "तुमच्या त्या सायकलवाल्यांना सांग, लोकांनी जरा विचार करायला पाहिजे."

परवा तिची एक मैत्रीण आली. नुकतंच लग्न झालेली, पुण्याहून सायकलवर बिदरला निघालेली. लातुरात मुक्काम आमच्याकडं. काय तिचं सामान! एवढ्याशा दोन पिशव्या, आत सगळं कापसासारखं. मी एकेक वस्तू हातात घेऊन तोलली आणि म्हटलं, "शाब्बास! असं पाहिजे."

सकाळी ती हेल्मेट घालत होती, तेवढ्यात प्राजक्ताचा फोन. "आई, तिला काही देऊ नकोस हं. ग्रॅमचा हिशोब असतो तिचा."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. "मी या सगळ्यातून गेलेय."

"मग ती मागं 'काकू, काकू' काय ओरडतेय?"

आता तुम्हीच सांगा. नवी सवाष्ण, पहिल्यांदा घरी आलेली, आणि उंबऱ्यावरून मोकळी पाठवू? नारळ पाण्याचा बघून दिला. तांदूळ, साडी आणि आपली लातूरची डाळ. तिच्या सायकलला कॅरिअर नव्हतं, तर मीच हँडलला बांधून दिलं. गाठ अशी मारलीय की बिदरपर्यंत सुटायची नाही.